पितळ उघडं पाडताना

शिकागोतल्या ट्रम्पेटवाल्यांत ‘माउंट व्हर्नन’ असं कुणी म्हटलं की बाकीचे कान टवकारतात. व्हिन्सेंट बाख मूळचा ऑस्ट्रियाचा वादक. त्याचा ट्रम्पेटचा कारखाना 1953मध्ये न्यूयॉर्कजवळच्या या गावी गेला, 1961मध्ये त्याने तो सेल्मर कंपनीला विकला आणि पुढे सगळं काम इंडियानातल्या एल्कहार्टला हललं. मधल्या दहा-बारा वर्षांतल्या ट्रम्पेटना आज पुराणवस्तूंचा भाव येतो. त्यातलं एक सी ट्रम्पेट विकाऊ आहे असं कळल्यावर मी बायकोला काही बोलण्याआधी बँकेतली शिल्लक पाहून घेतली.

आपल्याकडे वरातीत काय, फिल्मी रेकॉर्डिंगला काय, वाजतं ते बी-फ्लॅट. पुण्यात शाळेच्या बँडमध्ये मीही तेच वाजवत आलो. अमेरिकन ऑर्केस्ट्रात मात्र रोजचं वाद्य सी. नळी जवळपास अर्धा फूट आखूड, आवाज जरा धारदार. ही चाल बॉस्टनला आलेल्या जॉर्ज माजेसारख्या फ्रेंच वादकांची. माजेंचे शिष्य अडॉल्फ हर्सेथ 1948पासून 2001पर्यंत शिकागो सिम्फनीचे मुख्य ट्रम्पेटवादक होते. त्यांच्यामुळे बाखच्या सी ट्रम्पेटचा या शहरात असा दबदबा बसला की आमच्या हौशी ऑर्केस्ट्रातही दुसरं नाव काढायची चोरी. त्यात यंदा मालरची पाचवी सिम्फनी लागलेली. ती एकट्या ट्रम्पेटने सुरू होते. लपायला जागाच नाही.

विकणारे गृहस्थ निवृत्त वादक, अतिशय सज्जन. वाद्य घेऊन ते आमच्या तालमीच्या हॉलवर आले. मी माझा माउथपीस नेला होता. परक्या माउथपीसवर वाद्य कळत नाही. आधी व्हॉल्व्ह न दाबता त्यांच्या स्लाइड एकेक करून झटक्यात ओढल्या. प्रत्येक वेळी ‘पॉप्’ असा ठसठशीत आवाज आला. म्हणजे पिस्टन झिजलेले नव्हते, हवा कुठे निसटत नव्हती. बेलवर दोन पोचे होते. पोच्यांना मी भीत नाही, चांगला कारागीर ते काढून देतो.

मग लीडपाइप पाहिली. माउथपीस बसतो ती ही पहिली नळी. बॅटरीच्या उजेडात तिच्यावर गुलाबी डाग दिसले, मधोमध काळं टिंब. श्वासाच्या ओलीने आतून पितळातलं जस्त निघून जातं आणि तांबं तेवढं उरतं, त्याची ही खूण. बाहेर डाग दिसतो तोवर आतली नळी पोखरलेली असते. ‘‘बदलून घ्या की,’’ गृहस्थ म्हणाले. बदलता येते, खरं आहे. पण ट्रम्पेटचा निम्मा स्वभाव याच नळीत असतो. ती नवी बसवल्यावर मी जादा पैसे मोजायचे ते फक्त बेलवर कोरलेल्या गावाच्या नावाचे.

तुलनेला एक वापरलेलं यामाहा आणलं होतं. माझा मित्र आमच्यात दुसरं ट्रम्पेट वाजवतो. त्याला शेवटच्या रांगेत पाठमोरा बसवलं आणि कुठलं वाद्य ते न सांगता मुसोर्गस्कीच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’मधला सुरुवातीचा प्रॉमनाड दोन्हींवर वाजवला. माझ्या कानाला बाख भरदार, जवळजवळ मखमली लागत होतं. मित्र म्हणाला, ‘‘पहिलं गोड आहे, पण सूर कुठे सुरू झाला ते इथे कळत नाही. दुसऱ्याचा प्रत्येक सूर सुटा येतो.’’ दुसरं यामाहा होतं. सी ट्रम्पेटवर वरचे ई-फ्लॅट आणि ई बहुधा उतरतात. बाखवर ई सावरायला मला पहिला-दुसरा व्हॉल्व्ह दाबावा लागत होता. यामाहावर बोटं न लावताही ट्यूनरचा काटा जागेवर राहिला.

यामाहा घेतलं. बाखच्या जवळपास निम्म्या किमतीत. हर्सेथ यांच्या शहरात हे थोडं पाखंडच.

तुम्ही जुनं ट्रम्पेट घ्यायला जाल तेव्हा बॅटरी, ट्यूनर आणि तोंडावर बोलणारा एक वादक मित्र बरोबर न्या. आणि शेवटच्या रांगेतून त्याचं मत येईपर्यंत किंमत विचारू नका.