मेल्लाकाठचे लोहार आणि माणगावचा यशवंत

धाकट्या मुलीचे सासर हुबळीचे आणि बिऱ्हाड इटलीत, ब्रेशिया शहरात. मध्यंतरी एका मे महिन्यात आम्ही दोघे तिच्याकडे राहून आलो. नात आईशी मराठी, बाबांशी कन्नड आणि खाली अंगणात खेळताना इटालियन बोलते. रोम पाहिले, व्हेनिस पाहिले. पण त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते दोन लहान गावांविषयी. एक ह्यांच्या हट्टामुळे पाहिले, दुसरे माझ्या.

आमचे हे ईएमईमध्ये आर्मरर होते. नोकरीची बरीच वर्षे मराठा पलटणींबरोबर गेली, म्हणून निवृत्तीनंतर बेळगावातच घर केले. रायफल उघडायची, साफ करायची, झिजलेला भाग बदलायचा, हेच त्यांचे आयुष्य. त्यामुळे पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी जावयांना विचारले, "गार्दोने इथून किती लांब?"

जावई हसले. "मावा, तुम्ही व्हेनिस विचाराल असं वाटलं होतं."

गार्दोने वाल त्रोम्पिया हे ब्रेशियाच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवरचे गाव. बस मेल्ला नदीच्या कडेकडेने डोंगरात शिरते. दोन्ही बाजूंना हिरवीगार रानं, मध्ये कारखान्यांची छपरे. वरच्या डोंगरात लोखंडाच्या खाणी होत्या, रानात कोळशासाठी लाकूड होते आणि नदीला बारमाही पाणी. तिन्ही गोष्टी एका खोऱ्यात मिळाल्या आणि लोहारांची वस्ती वाढली. वाटेतल्या सारेत्सो गावात पाण्याच्या जोरावर चालणारे जुने प्रचंड हातोडे जपून ठेवले आहेत. पाटाच्या पाण्यावर चाक फिरते, चाकाने हातोडा उचलला जातो आणि तापलेल्या लोखंडावर आदळतो.

गार्दोनेच्या बेरेट्टा घराण्याचा १५२६ सालचा एक कागद प्रसिद्ध आहे. व्हेनिसच्या शस्त्रागाराने बार्तोलोमेओ बेरेट्टा याला बंदुकीच्या १८५ नळ्यांबद्दल २९६ डुकाट दिल्याची ती नोंद. पाचशे वर्षे होत आली, तरी धंदा त्याच घराण्याकडे आहे. गावातल्या व्हिला मुत्ती बेर्नार्देल्ली या जुन्या वाड्यात शस्त्रांचे संग्रहालय आहे. तिथे ह्यांचे पाऊल काही निघेना. मी दमून बाहेर बाकावर बसले.

दुपारी नदीकाठच्या खानावळीत पोलेंता आली. मक्याच्या भरड्याचा घट्ट शिजवलेला गोळा. आपल्या जोंधळ्याच्या कण्यांची, हुबळीकडच्या नुच्चूची बहीणच म्हणा ना. जेवता जेवता मी विचारले, "अहो, एवढं काय आहे या गावात?"

मग त्यांनी जे सांगितले ते मला समजले तसे सांगते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या हाती गॅरंड नावाची रायफल होती. युद्धानंतर तीच इटलीच्या सैन्याला मिळाली आणि पुढे परवाना घेऊन बेरेट्टानेही ती बनवली. रायफल उत्तम, पण तिच्या पोटात आठच काडतुसे मावत. ती पत्र्याच्या एका क्लिपमध्ये बसवून वरून दाबायची. आठवे उडाले की रिकामी क्लिप 'टिंग' आवाज करत बाहेर पडे. मध्येच दोन-तीन काडतुसांची भर घालणे अवघड. १९५४ मध्ये नाटो देशांनी ७.६२ मिलिमीटरचे नवे, आखूड काडतूस ठरवले आणि हाताशी असलेल्या रायफली जुन्या झाल्या.

"मग टाकून दिल्या?" मी विचारले.

"अगं, तू जुन्या लुगड्यांचं काय करतेस?"

वाकळ शिवते! हुबळीच्या विहीणबाई तिलाच कौदी म्हणतात. गार्दोनेच्या कारागिरांनीही तेच केले. गॅरंडची मूळ यंत्रणा ठेवली, नळी नव्या काडतुसाची केली आणि खालच्या बाजूने बसणारे, वीस काडतुसांचे सुटे मॅगझिन दिले. रिकामे झाले की काढायचे आणि कमरेच्या पिशवीतले भरलेले लावायचे. एकच डबा घेऊन शेतावर जाणे आणि भरलेले चार डबे बरोबर असणे, यात जेवढा फरक तेवढाच इथे. मॉडेल १९५९ चे, म्हणून नाव बीएम ५९. डोंगरात लढणाऱ्या आल्पिनी सैनिकांसाठी तिचा दस्ता दुमडता येईल असा केला. पुढे तीसेक वर्षे इटलीच्या सैन्याने ती वापरली.

"आपल्याकडेही तेच झालं," हे म्हणाले. "आमच्या थ्री-नॉट-थ्रीला दहाचं मॅगझिन. ते निघायचं, पण साफसफाईपुरतं. जवानाजवळ दुसरं नसायचंच. भरायचं वरून, पाच-पाचच्या क्लिपने. साठच्या दशकात ईशापूरच्या कारखान्यात त्याच घडणीची रायफल जास्त मजबूत पोलादात केली, ७.६२ ची. तिला बाराचं मॅगझिन दिलं. मग एसएलआरला वीसचं आलं, ते मात्र खरंखुरं बदलायचं."

"एवढी सगळी खटपट कशासाठी?"

"चार-पाच सेकंदांसाठी," ते म्हणाले आणि पोलेंताकडे वळले.

खरे सांगते, मला ते पटले नाही. इतके देखणे खोरे, इतके कसबी हात, आणि सारी अक्कल गोळ्या लवकर कशा भरता येतील यात खर्च! मी तसे बोललेही. ह्यांनी वाद घातला नाही.

दुसरे गाव मोंतोने. हे माझ्या हट्टाचे, कारण माझे माहेर माणगाव तालुक्यातले आणि तिथल्या नाईक यशवंत घाडगे यांची गोष्ट ऐकत आम्ही मोठे झालो. ते ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. इटलीच्या लढाईत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ हिंदी जवानांना मिळाले, त्यांतला एक यशवंतांचा. ब्रेशियाहून गाडीने चार-साडेचार तास लागले. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, टेकडीवर दगडी भिंतींच्या आत हे गाव आहे. जुलै २०२३ मध्ये तिथे यशवंतांचे स्मारक उभे राहिले. पुतळा नाही, छाया-घड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद त्याला दिले आहे.

मुलीने मोबाइलवर शौर्यपदकाचे मानपत्र शोधले आणि मराठीत सांगू लागली. १० जुलै १९४४. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. यशवंतांच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, उभे राहिले ते एकटेच. ते मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून गन आणि चालवणारा दोन्ही निकामी केले, टॉमी गनने आणखी एकाला पाडले. दोघे उरले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्यानेच त्या दोघांना मारले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. वय अवघे २२. त्यांची कबर कुठेच नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे.

लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीतले ते एक वाक्य माझ्या कानावरून कधी गेलेच नव्हते. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. मी ह्यांच्याकडे पाहिले.

"टॉमी गनला सुटंच मॅगझिन असतं," हे हळू आवाजात म्हणाले. "काढलं, लावलं, झालं. तेवढाही वेळ त्यांना मिळाला नाही."

मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "रिक्रूट मॅगझिनची स्प्रिंग नीट पुसत नसत, तेव्हा मी फार ओरडायचो. घरी येऊनही चिडचिड करायचो, आठवतं?"

आठवत होते. साध्या स्प्रिंगपायी माणूस जेवण सोडतो, म्हणून मीही तेव्हा चिडत असे. ते मी त्यांना तिथे सांगितले नाही. गार्दोनेत बोलले होते, तेवढे मात्र मागे घेतले.

नात घड्याळाच्या सावलीत हात घालून खेळत होती. "अज्जा, एष्टु गंटे?" तिने विचारले. ह्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहून वेळ सांगितली. सावली मात्र तासाहून अधिक मागे होती. उन्हाळ्यात तिकडे घड्याळे तासभर पुढे करतात, हे तिला समजावता समजावता हे पुन्हा नेहमीसारखे बोलू लागले.

इटलीला जाणाऱ्यांची संख्या आपल्या भागातही वाढली आहे. रोम-फ्लोरेन्स जरूर पाहा, पण मधला एक दिवस मोंतोनेसाठी राखा. वाटेत उंबेर्तिदेला फुले मिळतील. आम्ही ती न्यायला विसरलो होतो.