विजयदुर्ग : बंदर, घाट आणि जिनालय

विजयदुर्गास येणारा प्रवासी बहुधा मराठ्यांचे आरमार आठवीत येतो, आणि ते स्वाभाविकच आहे. तिन्ही बाजूंस पाणी, जमिनीकडे तिहेरी तटबंदी. कान्होजी आंग्रे यांच्या काळात इंग्रज व डच येथून हात हलवीत परतले. पुढे फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी किल्ला घेतला व तुळाजी आंग्रे यांचे आरमार भस्मसात झाले. त्या मोहिमेत इंग्रजांचे सहकारी पेशवे होते, हे तटावर उभे राहून आठवले की मन विषण्ण होते.

परंतु या किल्ल्याच्या उभारणीचे श्रेय परंपरा शिलाहार राजा दुसरा भोज याला देते, आणि तेथूनच आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा इतिहास सुरू होतो. भोजाचे राज्य घाटमाथ्यावर, कोल्हापूर-पन्हाळ्याच्या परिसरात होते. त्याच्या कारकिर्दीत, शके ११२७ मध्ये, म्हणजे इ. स. १२०५ मध्ये, आजच्या आजरे गावी सोमदेव यांनी ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा जैनेंद्र व्याकरणावरील ग्रंथ लिहिला. लेखनाचे स्थान होते त्रिभुवनतिलक जिनालय. ते बांधविले भोजाचे आजोबा गंडरादित्य यांनी. याच गंडरादित्याने तलाव खोदवून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत अशा तिघांची स्थापना केली व तिघांनाही भूमिदान दिले.

राजाश्रयामागे धन लागते, आणि त्याचा एक ओघ समुद्रावरून येत असे. विजयदुर्गाच्या खाडीने आत गेले की खारेपाटण लागते. पूर्वी गलबते तेथवर जात. आता खाडी गाळाने भरली आहे. खारेपाटणास सापडलेला शके ९३० चा ताम्रपट दक्षिण कोकणच्या शिलाहार रट्टराजाचा. हे घराणे कोल्हापूरकरांहून वेगळे. दान मिळाले ते शैव आचार्यांना. तरी व्यापारी माणसाने तो ताम्रपट अवश्य समजून घ्यावा. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण, कंदलमूलीयाहून येणाऱ्यामागे एक सुवर्ण धरण देवस्थानास द्यावे; चेमूल्य, म्हणजे चौल, आणि गोमंतकातील चंद्रपूर येथील गलबते मात्र वगळावीत. हजार वर्षांपूर्वीचा हा जकातीचा दरपत्रक आहे, सवलतींसह! चौलच्या मालाला सूट का, हा प्रश्न पेढीवर बसणाऱ्याच्या मनात प्रथम येईल.

भोजाचे राज्य यादव सिंघणाने जिंकले. नंतर आदिलशाही आली, मग शिवछत्रपतींनी घेरिया जिंकून विजयदुर्ग हे नाव दिले. सत्ता बदलत गेल्या. घाटावरचा माल खाडीला आणि खाडीचा माल घाटावर, हा क्रम पुष्कळ काळ टिकला.

किल्ला पाहून बहुतेक मंडळी मालवणची वाट धरतात. वेळ असल्यास खारेपाटणास थांबावे. गावात जुने जैन मंदिर आहे. दर्शन घेऊन खाडीच्या काठापर्यंत चालत जावे.