शंभर रुपयांचा स्टॅम्प आणि माझी सही



डिसेंबर 2025 चा दुसरा आठवडा. गव्हाला एकविसाव्या दिवसाचं पाणी दिलं, मका वाळवून झाली, कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून तो अजून उभाच आहे. दर वेळी पिकाचं लिहितो. आज कागदाचं लिहितो. दोन महिन्यांत कोर्टाच्या ज्या खेपा झाल्या त्याची ही नोंद. आपल्यापैकी बऱ्याच घरात ही गोष्ट आहे, फक्त कोणी बोलत नाही.

सुरुवात झाली लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीपासून. नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार नंबर मागत होते. ज्यांचे दोघंही नाहीत त्यांचं काय, तर नोव्हेंबरात शासनानं सांगितलं की मृत्यूचा दाखला द्या, किंवा घटस्फोट झाला असेल तर घटस्फोटाचं प्रमाणपत्र नाहीतर न्यायालयाच्या आदेशाची सत्यप्रत द्या. मुदत 31 डिसेंबर. आमच्या घरात असा कागद लागणाऱ्या दोघी. एक माझी मोठी बहीण, आक्का. दुसरी चुलतभावाची मुलगी. दोघींचे वडील वारलेले, दोघी बऱ्याच वर्षांपासून माहेरी, दोघींच्या फॉर्मवर घटस्फोटित असंच लिहिलेलं.

आधी आक्काचं सांगतो. तिची फारकत 1998 ला कोर्टातूनच झाली होती. निकाल लागला एवढं सगळ्यांना माहीत, पण कागद कुठं आहे कोणालाच माहीत नाही. वकीलसाहेब वारले. पत्र्याची पेटी उघडली तर तळाला वाळवी. त्यात खावटीच्या आदेशाची नक्कल अर्धी शिल्लक सापडली. खावटीचा अर्ज आक्कानं सिल्लोडच्या कोर्टात केला होता, कारण तो बाई राहते तिथं करता येतो. आम्हाला वाटलं घटस्फोटही इथलाच असणार. सिल्लोडला एक खेप, संभाजीनगरला एक खेप, दोन्ही वाया गेल्या.

मग जावयानं, म्हणजे आक्काच्या मुलीच्या नवऱ्यानं, तो वाळवीचा कागद नीट वाचला. खावटीच्या निकालातच एक ओळ होती की सामनेवाल्यानं जालन्याला विवाह अर्ज केलेला आहे. पुढं नंबर आणि साल. नवरा भोकरदनकडचा, दोघं शेवटी एकत्र राहिले तिकडंच, म्हणून त्यानं तिकडच्या जिल्ह्यात दावा लावला. बाई जिथं राहते तिथं तिला घटस्फोटाचा अर्ज करता येतो ही सोय कायद्यात 2003 ला आली. त्याच्या आधीच्या फायली बहुतेक लग्न लागलं त्या गावच्या, नाहीतर सासरच्या बाजूच्या कोर्टात सापडतील. हे आधी कळलं असतं तर आमच्या दोन खेपा वाचल्या असत्या.

जुना फेरफार काढताना आपण काय करतो? सातबाऱ्यावरचा गोल बघतो, त्यातला नंबर धरतो, त्यावरून मागच्या फेरफाराला जातो. कोर्टाचं दप्तर तसंच आहे. एक कागद दुसऱ्याचा पत्ता सांगतो. म्हणून खावटीचा, हुंड्याच्या केसचा, समन्सचा कोणताही फाटका कागद फेकू नका.

नंबर मिळाल्यावर काम सरळ होतं. नवीन केस मोबाईलवर ई-कोर्टच्या ॲपमध्ये दिसते. प्रत्येक केसला सोळा अक्षरं-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो, तो असला की तारीख, टप्पा, निकाल सगळं कळतं. नसला तर जिल्हा, कोर्ट, पक्षकाराचं नाव आणि साल टाकून शोधायचं. इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हेनं टाकून बघा. नावापुढं बाई लावलं की नाव वेगळं, आडनाव माहेरचं टाकलं की माणूसच वेगळा. पण 1998 ची केस त्यात सापडली नाही. त्या काळचं सगळं रजिस्टरवर. रेकॉर्ड रूममध्ये नंबर, साल आणि दोघांची नावं द्यावी लागली.

नकलेचा अर्ज आक्काच्या सहीनं केला. घटस्फोटाचं काम कायद्यानं बंद दारामागं चालतं, ते छापायलाही मनाई आहे, म्हणून तिऱ्हाईताला ही फाइल सहज मिळत नाही आणि मिळूही नये. पक्षकारानं स्वतः जावं नाहीतर वकील द्यावा. मागताना निकाल आणि हुकूमनामा अशा दोन्हींच्या प्रमाणित नकला मागा. निकालात कारणं असतात, हुकूमनामा म्हणजे शेवटचा आदेश. जुन्या फायलीतले किरकोळ कागद मुदत संपली की नष्ट करतात, पण हे दोन जास्त काळ ठेवतात.

तिसऱ्या खेपेला नक्कल हातात आली. शिक्का बघून आक्का म्हणाली, "दादा, सत्तावीस वर्षं मी म्हणत होते, मला सोडलं. ह्यात तर लिहिलंय, विवाह संपुष्टात आला." एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

आता पुतणीचं. हे लिहायला जड जातं, पण लिहितो.

2013 ला तिचं सासरी पटेना. दोन्हीकडची माणसं बसली, मीही होतो. कोर्टकचेरी कशाला, पोरीची बदनामी कशाला, असं मीच जास्त बोललो. शंभर रुपयांचा स्टॅम्प आणला. आजपासून दोघं मोकळे, एकमेकांवर काही हक्क नाही, असं लिहून घेतलं. भांडी परत आली, पन्नास हजार आले. नोटरी झाली. साक्षीदार म्हणून दोन सह्या, त्यातली एक माझी.

पोरगी तो स्टॅम्प प्लास्टिकच्या पिशवीत घालून बारा वर्षं जपत आली. ह्या नोव्हेंबरात कोर्टाचा आदेश मागितला तेव्हा तिनं हाच स्टॅम्प पुढं केला. हा चालत नाही म्हणल्यावर माझ्याकडं आली. "काका, तुमची सही आहे ना ह्याच्यावर? मग का चालत नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन वकिलाकडं गेलो. त्यांनी सांगितलं ते असं.

हिंदू विवाह कायदा 1955 चा. तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. मुस्लिम बांधवांचा कायदा वेगळा, त्यांनी आपल्या जाणत्या वकिलाला विचारावं. ह्या कायद्याखाली लागलेलं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानंच मोडतं. पंच, नोटरी, स्टॅम्प, सरपंचाचा दाखला, कशानंच मोडत नाही. एकच अपवाद आहे. एखाद्या जातीत जुन्या काळापासून फारकतीची रूढी असेल तर कलम 29 ती मानतं, पण रूढी आहे म्हणणाऱ्यानंच ती कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करायची. म्हणजे शेवटी कोर्टाची पायरी आलीच.

मी विचारलं, मग ही पोरगी आज कोण? साहेब म्हणाले, "त्याची लग्नाची बायको."

ह्याचा अर्थ शेतकऱ्यानं नीट समजून घ्यावा. उद्या तो माणूस वारला तर वारसाच्या फेरफाराला पहिला वारस म्हणून हिचा हक्क उभा राहतो. त्यानं 2014 ला दुसरं लग्न केलं, दोन मुलं आहेत. ते लग्न कायद्यानं शून्य. दुसरीचं नाव सातबाऱ्यावर विधवा म्हणून चढणार नाही. मुलं मात्र औरस धरली जातात, बापाच्या हिश्श्यात त्यांना वाटा आहे, हे सुप्रीम कोर्टानं 2023 ला स्पष्ट केलंय. शिवाय पहिली बायको असताना दुसरं लग्न करणं हा गुन्हा आहे. तेव्हा भादंविचं कलम 494 होतं, आता न्याय संहितेचं 82, शिक्षा सात वर्षांपर्यंत. एका स्टॅम्पनं आम्ही दोन बायांना लटकवून ठेवलं. आमच्या पोरीनं तर दुसरा घरोबाही केला नाही. दोनदा स्थळ आलं होतं, दोन्ही वेळी तिनं नाही म्हणलं.

नवरा आधी यायला तयार नव्हता. कोर्टाचं नाव काढलं की फोन बंद करायचा, आपल्यावरच केस होईल ह्या भीतीनं. त्याला तयार कोणी केलं? त्याच्या दुसऱ्या बायकोनं. ती म्हणाली, "तिला कागद मिळाल्याबिगर मला कागद मिळत नाही." आम्ही बारा वर्षांत जे बोललो नाही ते ती एका वाक्यात बोलली. हुकूमनामा झाल्यावरही तिचं जुनं लग्न आपोआप पक्कं होत नाही, त्यांना नव्यानं लग्न लावून नोंदवावं लागेल. हेही वकिलांनी समजावून दिलं.

मग कलम 13 ब, म्हणजे दोघांच्या संमतीचा अर्ज ठरला. वर्षभर वेगळं राहणं लागतं, इथं बारा वर्षं झाली. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन होकार द्यायचा. हे सहा महिने सरसकट सक्तीचे नाहीत असं सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर 2017 ला सांगितलंय. वेगळे राहून पुरेसा काळ झाला असेल, पोटगी आणि मुलांचं मिटलेलं असेल, समेटाची आशा नसेल, तर सूट मागता येते. द्यायची की नाही ते न्यायाधीश ठरवतात. समोरचा संमती देत नसेल तर एकतर्फी अर्ज करता येतो. दोन वर्षं सोडून दिलं, छळ केला अशी कारणं त्यात सिद्ध करावी लागतात, तो लांबचा रस्ता.

अर्ज कुठं करायचा, इथं बरेच चुकतात. कौटुंबिक न्यायालयं 1984 च्या कायद्यानं आधी मोठ्या शहरांसाठी आली, त्यांची हद्द ठरलेली असते. आपलं गाव त्या हद्दीत नसेल तर अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडं जातो. आपला तालुका कोणत्या कोर्टाला जोडलाय ते विचारूनच पाऊल टाका.

आमच्याकडून घेतलेले कागद: दोघांचे आधार, फोटो, लग्नपत्रिका (ती तिच्या आईनं देव्हाऱ्यामागं ठेवलेली होती), लग्नातला एक फोटो, ती माहेरी राहते ह्याचा पुरावा, आणि काय देणंघेणं ठरलं त्याचं लेखी.

खर्चाचं. बाईला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा कायदा 1987 प्रमाणं सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा, नाहीतर 15100 ला फोन. अशा कामात बाईला राज्यात 1994 पासून कोर्ट फी माफ आहे, तेही वकिलाला आठवण करून द्या. हे मला 2013 ला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला तालुक्याला जायला लागलं असतं, मी गेलो नाही.

निघताना मी वकिलांना विचारलं, माझ्या त्या सहीचं काय? ते म्हणाले, "लग्न तर तिनं मोडलं नाही. पण दोघं 2013 पासून वेगळे राहतात हे दाखवायला हा स्टॅम्प लावू." म्हणून तोही अर्जाला जोडला. साक्षीला बोलावलं तर मी जाणार आहे.

अर्ज मागच्या सोमवारी दाखल झाला. 31 डिसेंबरच्या आत काही निकाल येत नाही, हे पोरीला सांगितलं. पंधराशे रुपये अडकतील म्हणलं. ती म्हणाली, "अडकू द्या काका. ह्या वेळी नंबर मला पाठ आहे." सोळा अक्षरं-आकडे तिनं घडघड म्हणून दाखवले.

मंडळी, आपण अजूनही चार माणसांत बसतो, बसायलाही पाहिजे. देणंघेणं, भांडी, मुलं, अबोला, हे बैठकीत मिटतं. पण उठायच्या आधी एवढं म्हणा की आता दोघांनी कोर्टात संमतीचा अर्ज करायचा. आणि कोणी स्टॅम्प पुढं करून साक्षीदाराची सही मागितली तर पेन खाली ठेवा.

पुढची तारीख लागली की कळवतो. आणि गव्हाला पाणी दिल्यावर वाफसा आला की युरियाचा राहिलेला हप्ता द्यायला विसरू नका.