मेडिकलच्या अर्जाची टिपणे

नीटचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचा फोन थांबत नाही. "सर, पोरीला एवढे पडलेत. लागेल का नंबर?" मार्कांवरून याचं उत्तर देता येत नाही. 2024 साली 720 पैकी 720 मिळवणारी मुलं पहिल्या निकालात 67 होती. पुढच्याच वर्षी, 2025 मध्ये, देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 मिळाले. म्हणून मी आधी ऑल इंडिया रँक विचारतो, मग प्रवर्ग, मग कागद. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक घरांत शांतता पसरते.

*

180 प्रश्न, 180 मिनिटं. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. भौतिकशास्त्राचे 45, रसायनशास्त्राचे 45 आणि जीवशास्त्राचे 90 प्रश्न, म्हणजे निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे. दोघांचे एकूण गुण सारखे आले, तर आधी जीवशास्त्राचेच गुण पाहतात. तरी आमच्या पोरांची झोप उडते ती भौतिकशास्त्राने. जीवशास्त्र वाचून, पुन्हा वाचून, एनसीईआरटीची ओळ न् ओळ पाठ करून हाती लागतं. भौतिकशास्त्राला आठवी-नववीपासून गणिताचा पाया लागतो, आणि तो पाया सगळ्या शाळांत सारखा घातला जात नाही. हे सगळे शिक्षक जाणतात. मेरिट लिस्ट हातात घेऊन बोलणाऱ्या माणसांनीही ते जाणलं पाहिजे.

*

परीक्षेचा दिवस. दुपारी दीडला फाटक बंद. लांब बाह्या नकोत, बूट नकोत, चप्पल चालते. पेनसुद्धा आतच मिळतं. पाण्याची बाटली पारदर्शक. केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याहून लांब. मे महिन्याचं ऊन. आई-बाप बाहेर झाडाखाली, नाहीतर कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर बसलेले. माझं पालकांना एकच सांगणं असतं: आदल्या दिवशी संध्याकाळी त्या गावात पोचा. पहाटेच्या एसटीवर वर्षभराची मेहनत ठेवू नका.

*

कागदांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सीट सगळ्यात जास्त इथे अडकते आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. व्हॅलिडिटी मिळते जिल्हा जात पडताळणी समितीकडून, आणि अनुसूचित जमातींसाठी वेगळ्या समित्या आहेत. समितीला पुरावा हवा असतो तो मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. या तारखांच्या आधी तुमचं कुटुंब महाराष्ट्रात होतं आणि त्याच जातीचं होतं, हे कागदाने दाखवायचं. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुनी महसुली नोंद.

आता विचार करा. ज्याचा पणजोबा शाळेत गेला, त्याच्या घरात हा उतारा निघतो. ज्याचा पणजोबा मेंढरं घेऊन गावोगाव फिरत होता, त्याने नोंद आणायची कुठून? आरक्षण ज्याच्यासाठी आहे त्याच्याचकडे कागद सगळ्यात कमी. कायद्यात यावर उपाय आहे. वडिलांची, चुलत्याची, सख्ख्या भावाची व्हॅलिडिटी असली तर ती मोठा आधार ठरते, आणि दक्षता पथक घरी येऊन चौकशी करतं. पण त्याला महिने लागतात, आणि प्रवेशाची फेरी, म्हणजे कॅप राउंड, महिने थांबत नाही.

या कामात मला भेटलेला एक बाप ऊसतोडीला जाणारा. घरातला पहिला मुलगा बारावीपर्यंत पोचलेला. आजोबांचं नाव एका शाळेच्या रजिस्टरात होतं, आणि ती शाळा नंतर दुसऱ्या गावच्या शाळेत विलीन झाली होती. त्या दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी सुट्टीच्या दिवशी कपाट उघडून रजिस्टर शोधून दिलं. अशी माणसं आहेत म्हणून काही मुलं डॉक्टर होतात. पण मुलाचं आयुष्य कुणाच्या चांगुलपणावर टांगून ठेवणं मला मान्य नाही.

*

नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते. एप्रिलमध्ये नवं काढा. सेतू केंद्रावर जून-जुलैत रांग असते आणि सर्व्हर बसतो.

*

देशपातळीवरच्या अर्जाला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा चालत नाही. शिवाय राज्यातलं मराठ्यांचं एसईबीसी आरक्षण तिकडे नाही. तिथे मराठा मुलांना खुल्या प्रवर्गात धरतात, किंवा उत्पन्न व इतर अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएसमध्ये. एकाच मुलाचा एकाच वर्षी दोन अर्जांत वेगवेगळा प्रवर्ग असू शकतो, हे पालकांच्या पचनी पडायला वेळ लागतो.

*

दोन अर्ज का, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. शासकीय महाविद्यालयांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्या दिल्लीची एमसीसी ही समिती भरते. अभिमत विद्यापीठांच्या जागाही तीच भरते. उरलेल्या 85 टक्के आपल्या राज्याच्या सीईटी सेलकडे. त्यासाठी अधिवासाचा दाखला लागतो, शिवाय दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, काही ठरलेले अपवाद सोडून. वडिलांच्या बदलीमुळे दहावी इंदूरला किंवा हैदराबादला झालेलं मराठी मूल इथे हमखास अडकतं. दहावीला शाळा बदलायचा निर्णय घेताना हे कुणाच्या डोक्यात नसतं. ते असायला हवं. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी मुलांसाठी सीमाभागाच्या काही जागा आहेत. त्या भागातल्या शाळांनी याची पाटी लावावी.

*

2020 च्या सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे 70:30 होतं. राज्याचे तीन विभाग: विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र. आपल्या विभागातल्या महाविद्यालयांत 70 टक्के जागा विभागातल्या मुलांना, बाकीच्यांना 30. मराठवाड्यात महाविद्यालयंच कमी, म्हणून तिथली मुलं चांगल्या मार्कांनीही मागे राहत. ती पद्धत गेली. उदगीरच्या पोराला मुंबईचं केईएम आता मार्कांवर मिळू शकतं. मला हा निर्णय योग्य वाटतो.

*

2016 ची बॅच मी विसरणार नाही. राज्याची सीईटी 5 मेला होती. मुलं दोन वर्षं राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर घोकत होती. एप्रिलच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की याच वर्षी नीट. तयारी एका परीक्षेची, डोक्यावर दुसरी. मे महिन्यात अध्यादेश आला आणि राज्यांना त्या वर्षापुरती शासकीय जागांसाठी सवलत मिळाली. 2017 पासून सगळ्यांना नीट, आणि प्रश्नपत्रिका मराठीतही. मात्र भाषांतरात काही वाद निघाला तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य. आणि 2024. पेपर फुटला, सीबीआयने तपास हाती घेतला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, जुलैअखेर न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली. तोवर सचोटीने अभ्यास केलेली मुलं रोज मोबाईलवर बातम्या चाळत बसली होती. मोठ्यांच्या गुन्ह्याची शिक्षा सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी भोगली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

*

प्रेफरन्स फॉर्म भरताना सर्रास होणारी गोष्ट: "आपल्याला ते कॉलेज मिळणारच नाही, वर कशाला लिहायचं?" लिहायचं. यादी मेरिटने पुढे सरकते. तुमचा नंबर आला की तुमच्या यादीतलं वरून पहिलं शिल्लक असलेलं कॉलेज तुम्हाला मिळतं. वर मोठं नाव लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. उलट भीतीने जवळचं कॉलेज पहिलं लिहिलं आणि तेच मिळालं, तर वरचं गेलं ते गेलंच. मनात जो क्रम आहे तोच कागदावर उतरवा. आणि स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरण्याआधी रात्रभर विचार करा. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून तुमचं नाव निघालं.

*

लातूर. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी बोर्डाच्या गुणवत्ता यादीच्या काळात जी शिस्त घातली, तिच्यातून लातूर पॅटर्न उभा राहिला. आज राज्यभरातून मुलं तिथे खोल्या करून राहतात. मेस, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं, टेस्ट सिरीजचे फलक. मुलांना तिथे पाठवावं की नाही, यावर मी सरसकट काही सांगत नाही. काही मुलं तिथे फुलतात. काही पहिल्याच टेस्टनंतर जेवण सोडतात. पाठवलंत तर आठवड्याला फोन करून मार्क विचारू नका. जेवला का, झोपला का, कुणाशी बोललास का, हे विचारा.

*

ड्रॉप, म्हणजे पुन्हा परीक्षा देण्यासाठी वर्ष सोडणं. नीटला आता वयाची कमाल मर्यादा नाही, प्रयत्नांनाही नाही. दार उघडं आहे हे चांगलंच. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्या दारात उभ्या असलेल्या मुलाला घरात कुणीतरी विचारलं पाहिजे, की तुला डॉक्टर व्हायचंय की आता माघार घ्यायची लाज वाटते? बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यक यांचे प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतात. गुरांचा चांगला डॉक्टर ही आमच्या तालुक्याची फार मोठी गरज आहे.

*

परदेशाची वाट धरणाऱ्यांनी 2021 चे नियम वाचून घ्यावेत. शिक्षण किमान 54 महिन्यांचं, माध्यम इंग्रजी, त्याच देशात 12 महिन्यांची इंटर्नशिप, आणि परत आल्यावर इथली परीक्षा. नीट उत्तीर्ण असणं तिकडे जायलाही लागतंच. 2022 मध्ये युक्रेनमधून अर्धवट शिक्षण सोडून परतलेल्या मुलांचे चेहरे आपण टीव्हीवर पाहिले. एजंट यातलं काही सांगत नाही, आणि जमिनीचा तुकडा विकून पैसे भरले जातात.

*

आनंदीबाई जोशींनी 1883 साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज केला, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. आमच्या बारावीच्या पोरींएवढ्याच. प्रवेशासाठी लागणारं पूर्वशिक्षण आपल्याकडे पूर्ण नसेल, हे त्यांनी महाविद्यालयाला लिहून कळवलं, आणि आपण कशासाठी शिकणार तेही लिहिलं. पुरुष डॉक्टरला दाखवणार नाहीत अशा आपल्या देशातल्या बायकांसाठी. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं होतं. अर्जामागे ते दुःख होतं. डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला. 1886 मध्ये पदवी मिळाली आणि 1887 मध्ये मृत्यू.

तो अर्ज आज कुठल्याच पोर्टलवर भरता येणार नाही. "तुला का शिकायचंय?" हा रकानाच नाही. लाखो अर्जांत तो ठेवणं अवघड आहे, हे मी समजू शकतो. मुलाखतीत वशिला शिरतो, हेही आपण भोगलेलं आहे. एका परीक्षेने तो बराचसा बंद केला, आणि गरिबाच्या पोराला त्याचा फायदाच झाला. तरीही सेवाग्राम आठवतं. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या तिथल्या महाविद्यालयाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेत नीट येईपर्यंत गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. प्रवेशानंतर नव्या मुलांचं आश्रमात शिबिर होतं, आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, आजही नीटनंतर मुलाखत होते. म्हणजे विचारायची इच्छा असली तर जागा काढता येते.

*

मुलांना मी तो प्रश्न वर्गातच विचारतो. एका मुलीने लिहून दिलं होतं: आमच्या वाडीवरून दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत आजी गेली. दुसऱ्याने लिहिलं, बाबांची इच्छा. दोन्ही उत्तरं मी जपून ठेवली आहेत. बाबांची इच्छा लिहिणारा मुलगा आता एका ग्रामीण रुग्णालयात बंधपत्रित सेवेचं वर्ष करतोय, आणि तिथे एक वर्ष आणखी राहता येईल का, हे विचारायला मागच्या महिन्यात त्याने फोन केला.

*

यंदा अकरावीच्या पहिल्या पालकसभेत ठरलं ते असं. प्रत्येक मुलाचं आधार आणि दहावीची मार्कशीट शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख जुळवायची. व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत पाठवायचा. पणजोबांच्या शाळेचं नाव घरच्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून घ्यायचं. दोन माजी विद्यार्थिनी, एक इंटर्न आणि एक दुसऱ्या वर्षाची, जुलैत संध्याकाळी प्रयोगशाळेत बसून फॉर्म भरायला मदत करणार आहेत. प्रिंटरसाठी संस्थेने हो म्हटलंय. इंटरनेटचं अजून बघायचंय.