ब्युरेटचे पहिले वाचन

2023 च्या ऑगस्टमध्ये मी माझ्या सासूबाईंशी खोटे बोलले. नातवाचा निकाल लागल्याचे कळताच त्यांनी सांगलीहून फोन केला होता. "पुढे काय घेतले त्याने?" या प्रश्नाला मी तत्काळ उत्तर दिले, "सायन्स." शब्द खरा होता. त्या शब्दातून त्यांनी जे समजावे अशी माझी इच्छा होती, ते मात्र खरे नव्हते.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. येथे सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा होते आणि त्यानंतरची दोन वर्षे सिक्स्थ फॉर्मची, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीची. बहुतेक मराठी घरांत या दोन वर्षांचा अर्थ एकच असतो : भौतिक, रसायन आणि जीव किंवा गणित या विषयांचे ए लेव्हल. आमच्या मुलाने निवडला होता उपयोजित विज्ञानाचा बीटेक अभ्यासक्रम. हे नाव ऐकून अभियांत्रिकीची पदवी डोळ्यांसमोर आली असेल तर ती बाजूला ठेवा. हा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम आहे. "म्हणजे आपल्याकडच्या आयटीआयसारखे?" यजमानांनी विचारले. त्या प्रश्नात जो तुच्छतेचा सूर होता तो माझ्याही मनात होता, हे आज कबूल करते.

तरीही आम्ही होकार दिला, तो त्याच्या प्रकृतीमुळे. जीसीएसईच्या त्या सहा आठवड्यांत प्रत्येक पेपरच्या सकाळी त्याला उलटी होत असे. पोटाच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की दुखणे पोटात जाणवते आहे, पण त्याचे मूळ परीक्षेच्या धास्तीत आहे. रात्री दोन वाजता त्याच्या खोलीतला दिवा पाहून मी कितीदा तरी जिन्यावर नुसती बसून राहिले आहे. तुमच्यापैकी काही जणींना हा जिना परिचित असेल.

ए लेव्हलमध्ये दोन वर्षांचा अभ्यास शेवटच्या काही पेपरांवर तोलला जातो. बीटेकमध्ये तो घटकाघटकाने तोलला जातो : काही घटकांची बाहेरून परीक्षा होते, तर उरलेल्यांसाठी प्रयोग करून अहवाल लिहायचे असतात. श्रेणी पास, मेरिट, डिस्टिंक्शन अशा. मुलाने घेतलेला विस्तारित डिप्लोमा तीन ए लेव्हलच्या तोडीचा असून, तिन्ही डिस्टिंक्शन मिळाल्यास विद्यापीठ-प्रवेशाच्या तक्त्यात 144 गुण धरतात. ए लेव्हलमधील तीन ए श्रेणींनाही तितकेच. मात्र ही तुल्यता सगळीकडे चालत नाही. येथील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये रसायनशास्त्राचे ए लेव्हल मागतात. मुलाला डॉक्टर व्हायचे असेल तर हा रस्ता धरण्यापूर्वी त्या त्या विद्यापीठाच्या अटी वाचा. आमच्या घरात ते स्वप्न त्याचे नव्हते, माझे होते.

पहिल्या सत्रात तो एके दिवशी खुशीत घरी आला. अनुमापनाचा प्रयोग होता. ब्युरेट, पिपेट, थेंबाथेंबाने पडणारे द्रावण आणि अखेरच्या एका थेंबासरशी उमटून टिकून राहणारी फिकट गुलाबी छटा. "आई, पहिले वाचन रफ असते. ते सरासरीत धरायचेच नाही. पुढची वाचने एकमेकांच्या 0.1 घन सेंटिमीटरच्या आत आली पाहिजेत." मला माझी बारावी आठवली. सी. बी. आर. या तीन अक्षरांची आम्हांलाही ओळख होती, पण आम्ही उत्तर आधी ठरवून वाचने मागाहून लिहीत असू. जर्नल आदल्या वर्षीच्या ताईचे. आमच्या वाचनांत कधी 0.1 चाही फरक पडला नाही, ही त्या काळची अचूकता!

थंड होणाऱ्या पदार्थाच्या तापमानाचा आलेख हा पुढचा प्रयोग. प्रयोगशाळेत स्टिअरिक आम्ल गोठताना तापमान काही काळ एका जागी थबकते आणि आलेखात सपाट पायरी येते. हे सांगून त्याने एका रविवारी माझे साजूक तूप वितळवले व स्वयंपाकघरात दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपत बसला. तशी सपाट पायरी काही आली नाही. तो निराश होईल असे मला वाटले, तो म्हणाला, "बरोबरच आहे, तूप म्हणजे एकच पदार्थ नाही. त्यात निरनिराळे स्निग्ध घटक आहेत, प्रत्येक वेगळ्या तापमानाला गोठणार." त्या रात्री दिवा दहाला बंद झाला.

सगळे सुरळीत झाले असे समजू नका. जानेवारी 2024 मध्ये पहिल्या घटकाची बाह्य परीक्षा होती. जीव, रसायन व भौतिक यांचे प्रत्येकी 30 गुण. त्या सकाळी उलटी झालीच. अहवालांच्या मुदतींचाही ताण असतो. एक संपते तोवर दुसरी उभी. फरक एवढाच की एक वाईट सकाळ सारे वर्ष बुडवू शकत नाही, हे त्याला ठाऊक होते. परीक्षेला गेला आणि दुपारी घरी येऊन पोटभर जेवला.

माझे खोटे उघडे पडले ते गेल्या दिवाळीत. सासूबाईंचा रक्तदाब दवाखान्यात फार वाढलेला आढळला होता. गोळीची मात्रा वाढवण्यापूर्वी आठवडाभर घरी मोजून या, असे डॉक्टरांनी सांगितले. व्हिडिओ कॉलवर त्या यंत्र घेऊन बसल्या, घाईघाईने पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि घाबरल्या. नातू पुढे सरसावला. "आजी, आधी पाच मिनिटं गप्प बस. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर. बोलायचं नाही. मग दोनदा मोज, मध्ये एक मिनिट थांबून. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी." इंग्लंडमधील डॉक्टर घरच्या मोजणीसाठी हीच रीत सांगतात, त्याने ती नीट वाचून ठेवली होती.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"माझा अभ्यासच हा आहे, आजी. मोजायचं कसं आणि मोजलेल्यावर विश्वास किती ठेवायचा." आणि मग त्याने अभ्यासक्रमाचे खरे नाव, व्यवसायाभिमुख या शब्दासह, सांगून टाकले. मी मागे कणीक मळत होते, हात थांबले. सासूबाईंनी पडद्यातून माझ्याकडे पाहिले. "मग मला हे आधी का नाही सांगितलंस गं?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आठवड्यानंतर डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि मात्रा आहे तीच ठेवली. (हा निर्णय डॉक्टरांचा; घरच्या आकड्यांवरून गोळी आपण होऊन कमी-जास्त करू नये.)

मुलाने आता बायोमेडिकल सायन्सच्या पदवीसाठी अर्ज केले आहेत. निकाल ऑगस्टमध्ये. सासूबाई अजूनही अधूनमधून दाब मोजतात आणि वहीच्या पानाचे छायाचित्र त्याला पाठवतात. पट्टीने आखलेले रकाने, तारीख, वेळ. आणि पहिल्या दिवसाच्या आकड्यांपुढे, त्यांच्या जुन्या वळणदार अक्षरात, एक शब्द : रफ.