भाडं उतरलं, पण कुणासाठी?

२०२५ च्या मे महिन्यात आक्काला वेल्लोरला न्यायचं होतं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय ६८. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलेलं. पुण्याहून चेन्नईला रेल्वेने जायचं तर वीसेक तास, आणि इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एवढा प्रवास नको. त्यामुळे आक्का आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती. आक्का, दाजी आणि मी अशी तीन तिकिटं मी जवळपास महिनाभर आधी काढली. तिकिटं काढून देणाऱ्या एका नावाजलेल्या वेबसाइटवरून, प्रत्येकी ७,६४० रुपये. तिघांचे मिळून २२,९२०. ऑपरेशनचा खर्च डोळ्यासमोर असताना हा आकडा टोचला होता, पण इलाज नव्हता.

आक्काची मुलगी न्यू जर्सीत असते. तिचं व्हिसाचं काम अडकलेलं होतं. इकडे आली तर वेळेत परत जाता येईल याची खात्री नाही, म्हणून आईच्या ऑपरेशनला येता येत नव्हतं. पोरगी रोज रात्री जागून काही ना काही करत बसायची. कधी डॉक्टरांची माहिती काढ, कधी तिथल्या लॉजचे फोन नंबर पाठव. पाचव्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला : "मामा, तेच विमान आता ५,१९० ला आहे. जुनं कॅन्सल कर आणि नवीन काढ. मी इथे नेहमी असंच करते."

तिघांचे मिळून ७,३५० रुपये वाचत होते. मी खुशीत 'कॅन्सल' दाबायला गेलो. शेवटच्या पानावर आकडे उघडले. विमान कंपनीचा रद्द करण्याचा आकार माणशी ३,९००, वेबसाइटचा आकार माणशी ४००. म्हणजे तिघांचे १२,९००. सात हजार वाचवायला तेरा हजार घालवायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर ५,५५० रुपये पदरचे घालावे लागले असते. मी निमूट ते पान बंद केलं.

भाचीला फोन केला तर तिला खरंच वाटेना. "अजून तीन आठवड्यांवर वेळ आहे ना मामा? मग कसला दंड?"

तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर होतं. अमेरिकेत २०११ साली त्यांच्या परिवहन खात्याने नियम केला. प्रवासाला आठवडा किंवा जास्त अवकाश असेल, तर तिकीट काढल्यावर २४ तासांत ते फुकट रद्द करता आलं पाहिजे, किंवा पैसे न घेता तेवढा वेळ तो दर राखून ठेवला पाहिजे. पुढे कोरोनात विमानं ओस पडली तेव्हा युनायटेडने ३० ऑगस्ट २०२० ला देशांतर्गत तिकिटांवरचा बदलाचा आकार काढून टाकला, आणि लगेच डेल्टा आणि अमेरिकन या कंपन्यांनीही तेच केलं. सगळ्यात स्वस्त, 'बेसिक' वर्गाच्या तिकिटांना ही सवलत सहसा नसते. पण साध्या तिकिटाचं भाडं उतरलं, तर प्रवासी तेच विमान नव्या दराने घेतो आणि फरक त्याच्या नावावर जमा राहतो. रोख मिळत नाही. पुढच्या प्रवासाला वापरायचा, आणि तोही मुदतीत. भाचीने नेवार्क ते शिकागोचं ३४० डॉलरचं तिकीट असंच २६० वर आणलं होतं. तिथे अनेक लोक तिकीट काढल्यानंतरही दर बघत राहतात. आपण मात्र तिकीट काढलं की दर बघणं सोडून देतो, कारण बघून उपयोग काय? नुसती जळजळ.

मुळात त्याच खुर्चीचं भाडं खाली-वर का होतं? एका मित्राचा मुलगा विमान कंपनीत याच खात्यात नोकरीला आहे. त्याने मला जे समजावलं ते असं. विमानात समजा १८० जागा आहेत. त्या एका दराने विकत नाहीत. दराच्या पायऱ्या करतात आणि प्रत्येक पायरीवर थोड्या थोड्या जागा ठेवतात. खालची पायरी संपली की वरची उघडते. संगणक रोज बघतो, आजपर्यंत जेवढी विक्री व्हायला हवी होती तेवढी झाली का? कमी झाली असेल, किंवा दुसऱ्या कंपनीने त्या मार्गावर दर पाडला असेल, तर खालची पायरी पुन्हा उघडते. अमेरिकेत १९७८ साली भाडी सरकारच्या हातून सुटली आणि त्यानंतर हे शास्त्र वाढलं. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने 'पीपल एक्स्प्रेस' या स्वस्त कंपनीला तोंड देताना ते मोठ्या प्रमाणावर वापरलं. आपल्याकडे १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना रीतसर दार उघडलं, आणि मागोमाग हेही आलं.

मी त्याला म्हटलं, "दर उतरवायची मोकळीक तुम्हाला, आणि आम्ही मात्र बांधलेले?" तो म्हणाला, "काका, स्वस्त तिकीट स्वस्त का असतं? तुम्ही बांधलेले असता म्हणूनच. सगळ्यांनी रोज रद्द करून नव्याने काढलं तर आम्हाला मूळ भाडंच वाढवावं लागेल. मोकळीक हवी असेल तर जास्त पैशांचं तिकीट असतं की." मुद्दा खोटा नाही. शेवटच्या दिवशी मी जागा सोडली तर ती रिकामी जाऊ शकते, त्याची भरपाई मी द्यावी हे मलाही पटतं. पण जवळजवळ तीन आठवडे आधी सोडलेली जागा रिकामी जात नाही, ती पुन्हा विकली जाते. रेल्वेत तेव्हा एसी थ्रीचं कन्फर्म तिकीट ४८ तासांच्या आधी रद्द केलं तर १८० रुपये आणि कर कापले जायचे, आणि गाडी सुटायची वेळ जवळ येईल तसा आकार वाढायचा. हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ असतं. विमानाच्या बाबतीत मात्र डीजीसीएचा नियम एवढंच म्हणतो की रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त नसावा. म्हणजे कमाल मर्यादा कोणती? तर अख्खं भाडं. याला मर्यादा म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.

पुढचं ऐका. निघायच्या आदल्या रात्री दाजींचे चुलतभाऊ गेले. दाजी थांबले, आक्काला घेऊन मी एकटा निघालो. त्या गडबडीत दाजींचं तिकीट रद्द करायचं राहूनच गेलं. विमानात आक्काच्या शेजारी, जिथे दाजी बसायचे, तिथे एक तरुण मुलगा येऊन बसला. जागा काही रिकामी गेली नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. आक्काने सवयीप्रमाणे त्याची चौकशी केली. गाव कोणतं, नोकरी कुठे, आणि मग "तिकीट केवढ्याला पडलं रे बाबा?" तो म्हणाला ४,८००. आक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "आपलं साडेसात हजार आणि याचं पाच? एकाच गाडीत? कंडक्टरला हिशेब कसा लागतो?" मला उत्तर देता आलं नाही.

दाजींच्या तिकिटाचे किती परत मिळणार म्हणून वेल्लोरला गेल्यावर वेबसाइटवर पाहिलं. तिथे लिहिलं होतं : परतावा शून्य. दवाखान्यात बसून बसून वेळच वेळ होता, म्हणून डीजीसीएचा परताव्याचा नियम मोबाइलवर वाचून काढला. आणि मंडळी, त्यात आपल्या उपयोगाचं बरंच आहे, फक्त कोणी सांगत नाही.

तिकीट रद्द केलं किंवा तुम्ही विमानाला पोचलाच नाहीत, तरी सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत द्यावेच लागतात. 'नॉन-रिफंडेबल' म्हणून विकलेल्या तिकिटाचेही. परताव्याचे पैसे वेबसाइटच्या वॉलेटमध्ये किंवा कंपनीच्या खात्यात जमा ठेवायचे की नाही, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. कंपनीने परस्पर ठेवायचे नसतात. एजंटमार्फत तिकीट काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवरच राहते, कारण एजंट हा तिचा नेमलेला माणूस. आणि परताव्यावर प्रक्रियेचा वेगळा आकार कंपनीने लावायचा नाही.

मी चार ओळींचा मेल टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं, ९३४ रुपये तुमच्या वॉलेटमध्ये जमा केले आहेत. मी पुन्हा लिहिलं, वॉलेट मी मागितलेलं नाही, ज्या खात्यातून दिले त्यात द्या, नाहीतर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करतो. नवव्या दिवशी पैसे खात्यात आले. ७,६४० पैकी ९३४. रक्कम चिल्लर आहे, मान्य. पण 'शून्य' ही माहिती चुकीची होती, आणि मी विचारलं नसतं तर तेच खरं धरून बसलो असतो. रोज किती लोकांचं विमान चुकतं, आणि त्यातले किती जण हे कर परत मागत असतील?

त्याच नियमात आणखी एक गोष्ट सापडली. भाचीने सांगितलेली युक्ती आपल्याकडेही होती, फक्त एका दिवसापुरती. प्रवास निदान सात दिवस लांब असेल, तर तिकीट काढल्यापासून २४ तासांत ते दंडाशिवाय रद्द करता किंवा बदलता यायचं. बदललं तर फक्त भाड्यातला फरक द्यायचा. नियमाच्या भाषेत याला 'लुक-इन' म्हणतात. २०२५ च्या नोव्हेंबरात डीजीसीएने हे २४ तास ४८ करायचा मसुदा लोकांसमोर ठेवला. म्हणून तिकीट काढताना त्या दिवशी लागू असलेल्या अटी स्वतः वाचून घ्या.

ऑपरेशन नीट झालं. तेरावं उरकून दाजी रेल्वेने आले. परतीची तीन तिकिटं काढायची होती, अकरा दिवस आधी. या वेळी थेट विमान कंपनीच्या साइटवरून काढली, म्हणजे मध्ये दुसऱ्या कोणाचा आकार नको. माणशी ६,४८०. काढल्याची वेळ भाचीला कळवली आणि म्हटलं, "आता चोवीस तास तुझी ड्युटी." पोरगी खरंच बसली. सोळाव्या तासाला मेसेज : "मामा, ५,३१०. ऊठ." मी आधी नवी तिकिटं काढली, ती हातात आल्याची खात्री केली आणि मगच जुनी रद्द केली. हा क्रम उलटा करू नका. जुनं रद्द होईपर्यंत नवा दर उडाला तर दोन्हीकडून जाल. सहाव्या दिवशी जुने सगळे पैसे परत आले. वाचले ३,५१०. भाचीला ते सांगितलं तेव्हा ती फोनवर रडायला लागली. तीन हजारांसाठी कोण रडतं? आईच्या आजारपणात आपल्या हातून काहीतरी झालं, एवढंच तिला हवं होतं.

आता माझ्यासारख्या सामान्य माणसाची मागणी काय? विमान प्रवास काही फुकट नको. भाडी खाली-वर होऊ देत, तो त्यांचा धंदा आहे. पण रद्द करण्याचा आकार प्रवासाला किती दिवस उरलेत त्यावर ठरू दे. महिनाभर आधीचा आणि आदल्या दिवशीचा दंड जवळपास सारखा कसा? आणि तो आकार पैसे भरायच्या आधी, भाड्याच्या शेजारी, भाड्याएवढ्याच ठळक अक्षरात दिसू दे. परताव्याचा तपशील तिकिटावर किंवा सोबतच्या कागदावर द्यावा असं नियमात आहेच. मला मात्र तो 'कॅन्सल' दाबायला गेल्यावर, शेवटच्या पानावर दिसला. आणि विमान चुकलेल्या माणसाचे कर न मागता परत गेले पाहिजेत. पैसे आले कुठून हे कंपनीला माहीत असतंच.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. शक्यतो थेट कंपनीच्या साइटवरून तिकीट काढा, काढल्याची वेळ लिहून ठेवा आणि मुदत संपेपर्यंत दोन-तीनदा दर बघा. घरात कोणाचं विमान चुकलं असेल किंवा आजारपणामुळे प्रवास राहिला असेल, तर ते तिकीट शोधून काढा आणि कर परत मागा. मिळाले किंवा नाकारले, तर आकड्यासकट खाली लिहा. दाजींचे ९३४ मी लिहिलेच आहेत.