बोलावणं आलं तेव्हा निघाली का?

युद्धनौकेचं कर्तृत्व लोक तिच्या तोफांवर मोजतात. माझी हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, त्यामुळे मी आधी एवढंच विचारतो: अचानक बोलावणं आलं तेव्हा निघाली का?

आयएनएस मुंबईचंच घ्या. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या दिल्ली वर्गातल्या तीन विनाशिकांत ही धाकटी. थोरली दिल्ली 1997 मध्ये नौदलात आली, मधली म्हैसूर 1999 मध्ये आणि मुंबई 22 जानेवारी 2001 रोजी. लांबी 163 मीटर, वेग 30 नॉटच्या वर, माणसं सुमारे साडेतीनशे. बांधणी आपली, गॅस टर्बाइन युक्रेनच्या घडणीची, क्षेपणास्त्रं रशियाची. तीन घरचा शिधा एकाच चुलीवर शिजवायचा, असा हा संसार.

वर्षही सरलं नाही तोच ऑपरेशन पराक्रम उभं राहिलं. महिनोन्महिने सज्ज राहायचं आणि लढाई मात्र व्हायची नाही. अशा काळात आमचा खरा कस लागतो, कारण उभं जहाज लवकर बिघडतं. बंदरातलं गढूळ पाणी कूलरच्या नळ्यांत गाळ भरतं. तळाला शिंपले चिकटले की तेवढ्याच वेगासाठी इंधन जास्त जळतं. फेरी मारताना बेअरिंगच्या कवचावर तळहात ठेवायची सवय मला पहिल्याच जहाजावर लागली. मीटरचा काटा हलण्याआधी हाताला कळतं.

जुलै 2006. भूमध्य समुद्रातल्या सदिच्छा भेटी आटोपून मुंबई, ब्रह्मपुत्रा, बेतवा आणि शक्ती परतीच्या वाटेवर होत्या. लेबनॉनमध्ये युद्ध पेटलं आणि चौघींना बैरूतकडे वळायचा हुकूम आला. त्यांनी दोन हजारांहून अधिक माणसं सायप्रसच्या लार्नाका बंदरात सुखरूप पोहोचवली. एप्रिल 2015 मध्ये येमेनची पाळी आली. एडनच्या गोळीबारात मुंबईला धक्क्याला लागता येईना. माणसं छोट्या बोटींतून तिच्यापर्यंत आली आणि चारशेहून अधिक जणांना तिने जिबुतीला नेलं.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण बोटीतलं लेकरू वर घ्यायचं तर एवढं मोठं जहाज लाटांवर शक्य तितकं स्थिर धरावं लागतं. शिवाय गोडं पाणी, संडास, स्वयंपाकघर, सगळं बेतलेलं साडेतीनशेंसाठी. एका रात्रीत खाणारी तोंडं दुपटीवर गेली की खाली पाणी गोडं करणाऱ्या यंत्रावर बसलेल्या पोराला झोप कुठली?

मध्यायुष्यातलं आधुनिकीकरण उरकून 8 डिसेंबर 2023 रोजी ती विशाखापट्टणमच्या पूर्व ताफ्यात दाखल झाली. सर्वोत्कृष्ट नौकेचा मान तिने तीनदा मिळवला आहे. मला मात्र तिची दोन बोलावणी आठवतात, बैरूतचं आणि एडनचं. दोन्ही वेळा तयारीला सवड नव्हती. तयारी आधीच झालेली होती, रोजच्या फेऱ्यांत, कुणाचं लक्ष नसताना.